कमरेपाशी सुटलेली किनार

काकाजी, किनार सुटली.

डाव्या अंगाला, कमरेच्या आत, जिथं तुमचं नख थांबलं होतं बरोबर तिथंच. तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले होते. सकाळी दुकान उघडलं, गिटार खुंटीवरून काढली, सवयीनं कडेवरून अंगठा फिरवला आणि अंगठा अडखळला. आधी वाटलं, लाकूड चिकटवायच्या सरसाचा थेंब सुकला असेल. दारात उजेडाला धरली तर पट्टी आणि अंग यांच्यामध्ये काळी रेघ. पोस्टकार्डाचा कोपरा घालून बघितला, तो आत गेला. मी लगेच बाहेर ओढला, चोरी पकडली गेल्यासारखा.

ज्या एका कामाला तुम्ही ‘साफ’ म्हणालात, तेच सुटलं.

नऊ वर्षांत तुम्ही मला तो शब्द दिला नव्हता. ‘चालते’ दिला, ‘बरं हाय’ दिला, ‘पाह्यण्यासारखं तं झालं’ हेसुद्धा एकदा दिलं. ‘साफ’ तुम्ही फक्त स्वतःच्या कामाला म्हणायचात आणि तेही वर्षातून दोन-तीनदा, मान वळवून, हळूच. तुमची बघायची रीतच वेगळी. चष्मा काढायचा, डोळे मिटायचे आणि अंगठ्याचं नख किनारीवरून सबंध गिटारीभोवती फिरवायचं. मी समोर घाम पुसत उभा. तुमच्या कपाळाला आठी पडते का एवढंच बघत राहायचं.

दुकानात येणारा प्रत्येक जण विचारायचा, गिटार तयार दिसतेय, मग आणखी किती दिवस? तुम्ही प्रत्येकाला तेच सांगायचात. “लुगडं विणून झालं, पण किनार नाई. बायको घेईन का तुही?” मग तुम्ही त्याला दाखवायचात. वरचं पान आणि बाजूची भिंत जिथं मिळतात ती कड उघडी राहिली तर धक्का लागून फुटते, हवा शिरते. म्हणून तिथं बारीक खाच काढायची आणि खाचेत लाकडाची पट्टी बसवायची. शहरातली पोरं तिला बाइंडिंग म्हणत. तुमच्या शिसमाच्या अंगाला हळदूच्या लाकडाची पिवळी किनार. लांबून दिसायची नाही, पण हातात घेतली की डोळा तिथंच जायचा.

आपली वाटणी ठरलेली होती. पट्टी वाकवायची तुम्ही, खाच काढून बसवायची मी. खाच मला जमायची, कारण मी भित्रा. पटाशी एकदा चालवायची तिथं मी चारदा बघायचो. तुम्ही हसायचात. दुकानाचं कुलूप मी तीन-तीनदा ओढून बघायचो, तेव्हा म्हणायचात, “ए कोकण, आता झोपू दे त्या कुलपाले.” पण खाचेच्या कामाला माझी भीती तुम्हाला चालायची. वाकवायच्या कामाला नाही.

वाकवायचं म्हणजे तापलेल्या लोखंडी पाइपावर भिजलेली पट्टी दाबायची आणि तिनं हो म्हणेपर्यंत थांबायचं. गिटारीच्या पोटाचा बाक सोपा. कमरेपाशी पट्टी एकदम उलटी वळते, तिथं माझी दर वेळी मोडायची. कट् असा बारीक आवाज यायचा आणि मी तुमच्याकडे बघायचो.

“घाई काऊन करून राह्यला?”

“नाही केली हो घाई.”

“मंग भेला असशीन. तू भेला का तेबी भेते. सैल सोड नं हात, गाईची धार थोडीच काढून राह्यला!”

असं वर्ष-दोन वर्षं चाललं. पुढं तुम्ही पट्टी हातात द्यायला आलात की मला सरस गरम करायचा आठवायचा, नाहीतर पटाशीला धार लावायची असायची. तुम्हाला ते कळत होतं. यंदा एप्रिलमध्ये तुम्ही शेवटचं म्हणालात, “आज तू वाकव. मी बसतो.” मी म्हटलं, “पुढच्या गिटारीला नक्की.” तुम्ही उठलात, पाइपापाशी गेलात. धाप लागल्याचं मी ऐकलं आणि तरी सरसाचं भांडं ढवळत राहिलो. काकाजी, भांड्यात सरस नव्हताच. नुसतं पाणी होतं.

हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

मी तुम्हाला पहिल्यांदा भेटलो तेव्हा सिंदी स्टेशनच्या बाकावर बसलो होतो. आठवीत शाळा सोडलेली, वय बावीस, देवगडाकडून एका ठेकेदाराबरोबर दारं-खिडक्यांच्या कामाला आलेलो. काम संपल्यावर तो न सांगता निघून गेला होता. परतीची गाडी कुठली, कुठं बदलायची, काही कळत नव्हतं आणि कोणाला विचारायचीही हिंमत नव्हती. तुम्ही तारांचं पार्सल सोडवायला आला होतात. रेल्वेत डब्यांचं सुतारकाम करून रिटायर झालेले, सगळे हमाल तुम्हाला ओळखत. तुमची नजर माझ्या पिशवीतून बाहेर आलेल्या मुठींवर गेली.

“काय हाय त्याच्यात?”

“पटाश्या.”

“दाखव.”

तुम्ही एक काढलीत, मनगटावरचे केस तासून बघितलेत. “धार तं बरी लावते. जेवला का?”

मी जेवलो नव्हतो. त्या दिवशी काकूंनी वाढलेलं वांग्याचं भरीत इतकं तिखट होतं की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तुम्ही काकूंना म्हणालात, “रडून राह्यला वं तो, घरची याद आली त्याले.” काकू म्हणाल्या, “याद नाई, मिरची हाय ते.” दोन्ही खरं होतं.

एका अँग्लो-इंडियन गार्डाची फुटकी गिटार दुरुस्तीला आली आणि तुम्ही ती सुटी करून पाहिलीत, तिथून हे सगळं सुरू झालं, हे तुमच्या तोंडून मी किती वेळा ऐकलं असेल! शेवटी-शेवटी तर तुम्ही अडलात की पुढचं वाक्य मी सांगायचो.

आपलं एक भांडण अर्धंच राहिलं. दुसऱ्याच वर्षी मी एका गिटारीच्या किनारीला पडलेली फट लाकडाचा भुसा सरसात कालवून भरली होती. घासून पॉलिश केल्यावर डोळ्याला दिसत नव्हती. तुम्ही डोळे मिटून नख फिरवलंत आणि बरोबर तिथं थांबलात. गरम सुरी घेतलीत आणि सबंध बाजूची पट्टी उचकटून काढलीत. मला राग आला. मी म्हटलं, आमच्याकडं होड्यांच्या फटीसुद्धा कापूस-राळ भरूनच बुजवतात, बुडतात का होड्या?

“गिटार काय समुद्रात सोडाची हाय तुले?”

“पण फट भरली तर बिघडतं काय?”

“फट पडली म्हणजे लाकडाचं काही म्हणणं हाय. तू त्याच्या तोंडात भुसा कोंबून राह्यला.”

मी ते मान्य केलं नाही. पुढच्या सात वर्षांत दर पावसाळ्यात हे भांडण निघायचं, कारण पावसाळ्यात तुम्ही किनारीचं काम बंदच ठेवायचात. ओल्या हवेत लाकूड फुगलेलं असतं. तेव्हा बसवलेली पट्टी इथला मे महिना आला की उघडी पडते. अंग सुकून आत जातं, पण पट्टी लांबीत काही आकसत नाही, ती जागच्या जागी राहते आणि कमरेपाशी सुटते. म्हणून किनार बसवायची ती भर उन्हाळ्यात, अंग पार सुकलेलं असताना. सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या उन्हात आपण पहाटे लागायचो ते अकराला उठायचो. डोक्यावर ओला दुपट्टा, खिडक्या बंद. शेजारी घराघरात कूलर, आपल्या दुकानात मात्र नाही. कूलर का नाही हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही आणि तुम्हीही सांगितलं नाही. मला वाटायचं, जुन्या माणसाचा हट्ट.

मी विचारायला हवं होतं.

मे महिन्यात तुमचा दम वाढला. डॉक्टर म्हणाले, यांना थंडाव्यात ठेवा. घरात थांबायला तुम्ही तयार नव्हतात. दुकानात खुर्ची टाकून बसायचात, विलासची गिटार पुरी करायची म्हणून. विलास म्हणजे हिंगणघाटच्या ऑर्केस्ट्रातला, जो गिटार कमी वाजवतो आणि बोलतो जास्त, असं तुम्ही त्याच्या तोंडावर म्हणायचात. तिच्यासाठी तुम्ही बसल्या-बसल्या दोन पट्ट्या वाकवल्यात. पडवीत शेगडी, शेगडीवर पाइप, आणि मी तुमचं कोपर धरून उभा. कोपर धरायला तयार झालो, पट्टी धरायला नाही.

त्याच दुपारी मी जुना कूलर शोधून आणला. सायकलच्या कॅरिअरला बांधून, बाजारातून, उन्हात. गवताच्या ताट्या नव्या बसवल्या, पाणी भरलं, दुकानाच्या खिडकीत लावला आणि बटण दाबलं. भर्रर्र करून ओली हवा आली. तुम्ही कूलरकडे बघितलंत. नंतर भिंतीवर लटकलेल्या गिटारीकडे बघितलंत. बराच वेळ. मग खुर्ची ओढून कूलरसमोर केलीत आणि म्हणालात, “भल्ला गार हाय गा.”

मला इतका आनंद झाला की काय सांगू! त्या खोलीत मला नऊ वर्षांनी आमच्याकडच्यासारखी हवा लागली. ओलसर, अंगाला चिकटणारी. मी म्हटलं, आता माणसाला जरा श्वास घेता येईल. मी किनारपट्टीचा माणूस, ओल्या हवेला वाईट हवा म्हणायचं मला कधी सुचलंच नाही. पावसाळ्यातला नियम मला तोंडपाठ होता. पण मी स्वतःच पावसाळा विकत आणून खिडकीत लावलाय हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आठवडाभर कूलर दिवसरात्र चालला, आणि त्या हवेत मी खाच काढली. अशी खाच माझ्या हातून पुन्हा व्हायची नाही. पट्टी बसवली, बाजेच्या निवारीच्या पट्ट्यांनी गिटार गुंडाळून घट्ट बांधली, दुसऱ्या दिवशी सोडली, फुटक्या काचेनं तासली. तुमच्या मांडीवर ठेवली. तुम्ही चष्मा काढलात, डोळे मिटलेत.

नख निघालं. डाव्या कमरेपाशी थांबलं. किती वेळ थांबलं! कूलरचा आवाज, तुमचा श्वास आणि मी. मग ते पुढं गेलं, सबंध फेरी करून परत आलं.

“साफ,” तुम्ही म्हणालात.

मग खिशातून कागदाची चिठ्ठी काढलीत, गिटारीच्या आत चिकटवतो ती. दर वेळी तिच्यावर तुमचं नाव असायचं. या खेपेला नाव वरच्या अर्ध्यातच होतं. “खाली तुहं लिही,” म्हणालात. मी माझं नाव लिहिलं, गावाचं नाव लिहिलं. तुम्ही वाचलंत आणि म्हणालात, “पूर्ण पत्ता कायले लिहितं? कोणी पत्र टाकणार हाय का तुले गिटारीच्या पोटात?”

पाचव्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. विहारातले भन्तेजी येऊन गेले, माणसं येऊन गेली. कूलर मीच बंद केला. त्याच्यासमोर बसायला कोणी नव्हतं.

किनार सुटली त्या दिवशी काकू चहा घेऊन दुकानात आल्या. मी गिटार पाठीमागे लपवली. एकतीस वर्षांचा बाप्या मी, आणि शाळेत वही लपवावी तशी गिटार लपवली. काकूंनी कप ठेवला.

“सुटली का?”

मी गिटार पुढं घेतली. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“त्यायनंच. म्हणे, कूलर बंद झाला का आठ-दहा रोजात हे कमरेपाशी सुटन.”

“मग मला का नाही बोलले?”

“मीबी तेच म्हटलं, सांगा नं त्या पोराले. तं म्हणे, एवढ्या उन्हात सायकलवर बांधून आणला त्यानं. आता त्याले म्हणू का, बंद कर म्हणून? अन् मले गार वाटून राह्यलं नं वं, म्हणे.”

“पण मला ‘साफ’ म्हणाले.”

काकू जरा हसल्या. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. “तेबी विचारलं मी. कायले खोटं बोलले म्हटलं. तं म्हणे, खोटं नाई, आजच्या दिवसाले साफच हाय.”

“आणि सुटल्यावर काय करायचं, ते काही म्हणाले?”

“नाई बापा. डोळा लागला मंग त्यायले.”

त्या कप घेऊन गेल्या, चहा तसाच होता हे त्यांच्याही लक्षात आलं नाही.

काकाजी, तेव्हापासून मी तुमच्याशी भांडतोय. तुमच्या दुकानात एका लाकडाचीही तुम्ही गय केली नाहीत, आणि माझ्या त्या टिनाच्या डब्यापायी आपली शेवटची गिटार बिघडू दिलीत? एका शब्दानं सांगितलं असतंत, मी कूलर घरात नेऊन लावला असता, तुम्हाला उचलून घरात बसवलं असतं. का मला वाईट वाटू नये म्हणून? मग आता वाटतंय ते काय आहे? आणि लगेच दुसरं मन म्हणतं, स्टेशनवरच्या बाकापासून आजवर या माणसानं तुझ्यापुढं ताट ठेवलं आणि तू त्याला काय दिलंस, तर दहा-बारा दिवसांचा गारवा. तो त्यांनी घेतला. निदान तो तरी घेतला. मी रागावू का हात जोडू, मला समजत नाही. दोन्ही करतो आणि दोन्हीत मन लागत नाही.

विलास येऊन बघून गेला. रविवारी त्याचा कार्यक्रम आहे. “भरून द्या नं भाऊ भुसा. स्टेजवर कोण पाह्यते कमर? माही बी कोणी पाहत नाई.” मी हसलो नाही, तेव्हा तो निघाला. जाताना म्हणाला, “काकाजीच्या हातची हाय, मले तशीबी चालन.” त्याला चालेल. फट भरली तर कोणालाच दिसणार नाही. नख फिरवणारं आता कोणी नाही, आणि आपलं भांडण मी एकट्यानं जिंकलो असं होईल. परवा मी भुसा कालवलाही होता. बोटावर घेतला. पण आत तुमच्या नावाखाली माझं नाव आहे, पत्त्यासकट. बोट फडक्याला पुसलं.

घरून आईचा फोन आला होता, बूथवर. “आता तरी ये रे घराक. कोण आसा तुझा थंय?” मी म्हटलं, एक काम अडलंय. ती म्हणाली, कसलं काम? मला सांगता येईना. एक पट्टी वाकवायची आहे, एवढं सांगायला मला लाज वाटली.

जुनी पट्टी परत दाबून बसत नाही, कमरेला दाबली की पोटाला फुगते. म्हणून काल गरम सुरीनं काढली. तुम्ही वाकवलेली ती. कितीही हळू केलं तरी तुकडे झालेच. तुकडे मी टाकले नाहीत, डब्यात ठेवलेत. उजवी बाजू केसभर सुटलीय, ती पावसात मिटेल असं वाटतं. तुम्ही असतात तर खात्रीनं सांगितलं असतंत.

तुम्ही वाकवलेल्या पट्ट्या ज्या फळीतल्या, तिच्यातूनच काढलेल्या हळदूच्या आणखी तीन पट्ट्या होत्या. तसलं सरळ रेषेचं हळदू आता डेपोत मिळत नाही. पहिली मी काल मोडली. दुसरी आज सकाळी, कमरेपाशीच, तोच कट् आवाज. सवयीनं मान वर केली. खुर्ची तिथंच आहे, कूलरकडे तोंड करून. मी ती वळवून पाइपाकडे केली.

तिसरी पाण्यात भिजत टाकून हे लिहायला बसलो. आता ती भिजली असेल. शेगडी पेटलीय. तुमच्यासारखं पाइपावर बोटानं पाणी शिंपडलं, थेंब जागीच फस्सदिशी आटला नाही, टपटप नाचत खाली गेला. म्हणजे पाइप तापला. इथपर्यंत मला येतं. खिडक्या बंद केल्या आहेत, बाहेर कोरडं ठणठणीत ऊन आहे, तुम्हाला हवं तसं.

पट्टी हातात घेतली आहे. हात सैल सोडतोय, काकाजी. किती वेळ थांबायचं, तेवढं सांगा.